अकस्मात मृत्यूच्या नोंदीपुढे काय?

खान्देशातील कोणत्याही दैनिकाचे तालुक्याच्या बातम्यांचे पान उघडले, तर एक वाक्य हमखास सापडते: ‘याबाबत पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली असून पुढील तपास सुरू आहे.’ विहिरीवरची मोटार सुरू करताना विजेचा धक्का बसलेला शेतकरी, कपाशीवर फवारणी करून घरी आल्यावर उलट्या होऊन गेलेला मजूर, रात्री जमिनीवर झोपलेले आणि सकाळी न उठलेले मूल, मे महिन्यात रेल्वे फलाटावर निपचित सापडलेला अनोळखी इसम, या सगळ्यांच्या बातमीचा शेवट त्याच एका वाक्याने होतो. ‘पुढील तपासा’त काय निष्पन्न झाले, हे मात्र सहसा छापून येत नाही आणि अनेकदा ते मृताच्या घरच्यांनाही कोणी सांगत नाही. याचे खापर केवळ पोलिसांवर फोडून भागणार नाही. आपला कायदा मृत्यूबाबत जो प्रश्न विचारतो, तोच मुळात तोकडा आहे, असे माझे मत आहे. येथे गुन्हा घडला का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. उत्तर ‘नाही’ असे आले, की माणूस नेमका कशाने गेला आणि त्याचे जाणे टळू शकले असते का, या प्रश्नांना वाली उरत नाही.

तरतूद काय आहे, ते आधी पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १७४ चे नवे रूप. आत्महत्या, अपघात, जनावराने किंवा यंत्राने आलेला मृत्यू, अथवा संशयास्पद मृत्यू यांची खबर मिळताच ठाण्याच्या अधिकाऱ्याने कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचे, जागेवर जाऊन परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पंचनामा करायचा, अंगावरील जखमा आणि खुणा टिपायच्या आणि मृत्यूचे सकृद्दर्शनी कारण लिहायचे, अशी ही रीत आहे. नव्या संहितेने हा अहवाल चोवीस तासांत जिल्हादंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी यांच्याकडे पाठवण्याची मुदत घातली, हे चांगलेच झाले. पण कारण ‘सकृद्दर्शनी’च राहिले. या पंचनाम्याची व्याप्ती मर्यादित आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेही अनेक निकालांत स्पष्ट केले आहे. म्हणजे पंचनामा हा चौकशीचा आरंभ मानला गेला आहे. आपल्याकडे घडते असे, की गुन्ह्याचा संशय नसलेल्या मृत्यूंत चौकशी आरंभालाच संपते. ज्या हवालदाराकडे हे कागद असतात, त्याच्याकडेच दाखल गुन्ह्यांचा तपास, समन्स बजावणी आणि यात्रा-मिरवणुकांचा बंदोबस्तही असतो. त्यामुळे ज्या प्रकरणात आरोपी नाही, ते त्याच्या दप्तरात सर्वांत तळाशी जाते. पुढे केव्हातरी प्रकरण बंद करण्याचा प्रस्ताव प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे जातो आणि मंजूर होतो.

या साखळीची पहिली कडी खरे तर गावातच आहे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाला गावातील अनैसर्गिक मृत्यूंबाबत जबाबदारी दिलेली आहे, आणि परिस्थितीची खरी माहिती त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाला नसते. प्रत्यक्षात त्याचे काम ठाण्याला फोन करणे आणि पंच मिळवून देणे, इतक्यावर येऊन थांबले आहे.

शवविच्छेदन झाले म्हणजे कारण कळतेच, हा आपल्याकडील दुसरा पक्का समज. वैद्यकशास्त्राला तो मान्य नाही. मण्यारीचा दंश अनेकदा झोपेत होतो, त्याची खूण जवळपास दिसत नाही, सूजही येत नाही. अशा मृतदेहाच्या शवविच्छेदनात फारसे काही सापडत नाही आणि राखून ठेवलेल्या व्हिसेऱ्याच्या, म्हणजे मृताच्या अवयवांच्या नमुन्यांच्या, नेहमीच्या रासायनिक तपासणीत सापाचे विष दिसत नाही. ओल्या शेतात उघड्या पायाने उभ्या असलेल्या माणसाला घरगुती दाबाच्या विजेचा धक्का बसला, तर कातडीवर भाजल्याची खूण उमटेलच असे नाही. उष्माघाताची गोष्ट याहून अवघड आहे. तो ओळखायचा तर जिवंतपणी शरीराचे तापमान मोजलेले असावे लागते; मृत्यूनंतर काही तासांनी शवागारात पोचलेल्या देहावरून तो ठामपणे सांगता येत नाही. या तिन्ही प्रकारांत उत्तर शवविच्छेदनगृहात कमी आणि घटनास्थळी जास्त असते. माणूस कोठे झोपला होता, घरात साप दिसला होता का, पापण्या जड झाल्या होत्या का, तार कोठे लोंबत होती, अर्थिंग होते का, दुपारी किती वाजेपर्यंत काम चालले होते, हे विचारणारा माणूस हवा. जळगाव-भुसावळचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्या उन्हाने किती माणसे गेली, हे मात्र आपल्या नोंदींवरून छातीठोकपणे कोणालाही सांगता येणार नाही.

हा केवळ आकडेवारीचा हळहळ करण्याजोगा प्रश्न नाही. देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेल्या मृत्यूंचे प्रमाण २०२० मध्ये जेमतेम बावीस-तेवीस टक्के होते. याउलट घरोघरी जाऊन, नातेवाइकांना लक्षणे विचारून मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेल्याचा अंदाज २०२० मध्ये मांडला. वर्षाला हे प्रमाण अठ्ठावन्न हजारांच्या घरात जाते आणि रुग्णालयांच्या सरकारी नोंदीत त्याचा लहानसा अंशच दिसत होता. विचारले तर कळते, याचा एवढा स्पष्ट पुरावा हाती असताना आपण विचारण्याची व्यवस्था उभी केलेली नाही.

कारण नीट न ठरल्याची किंमत घरच्यांना रोख मोजावी लागते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेत अपघाती मृत्यूसाठी वारसांना दोन लाख रुपये मिळतात. त्यात सर्पदंश, विजेचा धक्का, फवारणीतील विषबाधा येते, आत्महत्या येत नाही. आत्महत्येच्या प्रकरणात शेतकरी कुटुंबाला एक लाखाची मदत वेगळ्या योजनेतून मिळते, पण त्यासाठी कर्ज आणि नापिकीच्या निकषांवर जिल्हा समितीने प्रकरण ‘पात्र’ ठरवावे लागते. आता चोपडा किंवा शिंदखेडा तालुक्यातील एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोटात कीटकनाशक सापडले, तर ते फवारणी करताना गेले की त्याने स्वतः घेतले, हे कोण ठरवणार? डॉक्टर विष सांगू शकतो, हेतू सांगू शकत नाही. पंचनाम्यातील एका ओळीवर, जी बहुधा दुःखाच्या पहिल्या तासात कोणाच्या तरी तोंडून निघालेल्या शब्दांवर लिहिली जाते, कुटुंबाचे दोन लाख, एक लाख किंवा शून्य अवलंबून राहते. त्या ओळीला आव्हान द्यायचे कोठे, हे तहसील कचेरीत विचारले तर ठाण्याकडे बोट दाखवले जाते आणि ठाण्यात विचारले तर ‘व्हिसेऱ्याचा अहवाल यायचा आहे’ असे उत्तर मिळते.

व्हिसेऱ्याचा प्रवास हाही एक स्वतंत्र अध्याय आहे. अवयवांचे नमुने बरण्यांत भरून, सील करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवायचे आणि तोवर शवविच्छेदन अहवालावर ‘मत राखून ठेवले’ असा शेरा मारायचा, ही पद्धत झाली आहे. काही प्रकरणांत तो शेरा योग्यच असतो. पण जेथे डॉक्टरला कारणाचा अंदाज आहे, तेथेही सावधगिरी म्हणून व्हिसेरा राखला जातो, त्यामुळे प्रयोगशाळेवर भार वाढतो आणि ज्या नमुन्यांची खरोखर गरज होती, तेही महिनोन्‌महिने रांगेत राहतात. ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याला मी यासाठी फारसा बोल लावणार नाही. बाह्यरुग्ण विभाग, बाळंतपणे आणि अपघाताचे रुग्ण सांभाळून तो शवविच्छेदन करतो, न्यायवैद्यकशास्त्र त्याने पदवीच्या अभ्यासक्रमात एक विषय म्हणून शिकलेले असते, आणि प्रत्यक्ष चिरफाड अनेक ठिकाणी सफाई कामगाराच्या हातून होते, ही उघड गोष्ट आहे. घटनास्थळाचे छायाचित्रही त्याच्यापुढे नसते. पंचनाम्याचा कागद आणि मृतदेह, एवढ्यावर त्याने मत द्यायचे असते.

नव्या संहितेच्या कलम १७६ ने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे. त्याची अंमलबजावणी करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची सवड आहे. सुधारणा मोठी आहे, परंतु तिचा लाभ गुन्हा आधी मान्य झाला तरच मिळतो. अकस्मात मृत्यूच्या नोंदीला ती लागू होत नाही. म्हणजे ज्या मृत्यूत घातपात आहे की नाही हेच ठरायचे आहे, तेथे तज्ज्ञ जाणार नाही. आणि तो गेला नाही म्हणून घातपात ठरणार नाही.

या त्रुटीतून अविश्वास कोणत्या टोकाला जातो, ते आपण २०२२ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात पाहिले. सातपुड्यातील एका आदिवासी कुटुंबाने आपल्या मुलीच्या मृत्यूबाबत पोलिसांनी काढलेला निष्कर्ष नाकारला, पहिल्या शवविच्छेदनात आपल्या संशयाची तपासणीच झाली नाही असे सांगितले आणि पुन्हा शवविच्छेदन व्हावे यासाठी मृतदेह सुमारे दीड महिना मिठात पुरून ठेवला. अखेर तो मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेण्यात आला. त्या प्रकरणातील सत्य काय, यावर येथे काही बोलायचे नाही. मला त्यातून दिसते ते इतकेच, की दुसरे मत मागण्यासाठी त्या बापाला जाण्यासारखे एकही दार नव्हते. पुरावा टिकवण्याचे सरकारचे काम त्याने मिठाच्या पोत्यांनी केले.

यावर ‘कॉरोनर पुन्हा आणा’, म्हणजे केवळ अशा मृत्यूंच्या कारणाची चौकशी करणारा अधिकारी पुन्हा नेमा, असे उत्तर सुचणे स्वाभाविक आहे. १८७१ च्या कायद्याने मुंबई आणि कलकत्ता या शहरांत कॉरोनरची पद्धत होती; मुंबईत ती १९९९ मध्ये बंद झाली आणि शहराची प्रकरणेही उर्वरित राज्याप्रमाणे पोलीस व दंडाधिकाऱ्यांकडे आली. खान्देशाला कॉरोनर कधी लाभलाच नव्हता, त्यामुळे त्याच्या जाण्याचे दुःख आपल्याला नाही. मुंबईच्या त्या व्यवस्थेत कामाची पुनरुक्ती आणि दिरंगाई होती, ही टीका निराधार नव्हती. अमेरिकेच्या अनेक परगण्यांत कॉरोनर मतदानाने निवडला जातो आणि त्याला वैद्यकीय पदवीची अटही नसते. तो नमुना आपल्याकडे आला तर मृत्यूचे कारणही निवडणुकीच्या पॅनलमध्ये ठरेल. नाव परत आणण्यात मला रस नाही.

रस आहे तो इंग्लंडने त्या जुन्या पदाचे अलीकडे जे केले, त्यातील दोन गोष्टींत. तेथील २००९ च्या कायद्यानुसार कॉरोनरने मृत कोण, तो केव्हा, कोठे आणि कसा मरण पावला, या प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात; कोणा नामोल्लेखित व्यक्तीवर फौजदारी किंवा दिवाणी दायित्व ठरवण्याची त्याला मनाई आहे. दोष ठरवायचा नसल्यामुळे कारण शोधणे सोपे जाते. दुसरी गोष्ट अशी, की चौकशीत भविष्यातील मृत्यूंचा धोका दिसला तर त्याने संबंधित संस्थेला लेखी अहवाल पाठवलाच पाहिजे आणि त्या संस्थेने ५६ दिवसांत उत्तर दिले पाहिजे; हे अहवाल प्रसिद्धही केले जातात. हॅरल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरने आपल्याच दोनशेहून अधिक रुग्णांना मारूनही वर्षानुवर्षे कोणाला संशय आला नाही, कारण मृत्यूच्या दाखल्यांवर तो स्वतःच सही करत असे. हा धडा घेऊन तेथे कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू स्वतंत्र वैद्यकीय परीक्षकाने पाहण्याची पद्धत सप्टेंबर २०२४ पासून कायद्याने लागू झाली. धडा घेतल्यापासून कायदा लागू होईपर्यंत वीस वर्षे गेली, हेही नोंदवायला हवे. इंग्रजांच्या कारभारातही फाइल हळूच चालते.

असा विचार आपल्याला परका मात्र नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याच्या अफवेने प्रवाशांनी खाली उड्या घेतल्या आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली अनेक जण सापडले. अशा मोठ्या अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या अधीन नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. ज्याच्या कारभाराची चौकशी, त्याच्याच हाताखाली चौकशी अधिकारी नको, हे तत्त्व रेल्वेसाठी मान्य आहे. तालुक्याच्या ठाण्यासाठी, रुग्णालयासाठी आणि वीज कंपनीसाठी नाही. मातामृत्यूंच्या बाबतीत तर आरोग्य खात्याने २०१० पासून अन्वेषणाची पद्धत बसवली आहे. बाळंतीण गेली की तिच्या घरी जाऊन विचारायचे, उशीर निर्णयाला झाला, वाहनाला झाला की रुग्णालयात झाला ते शोधायचे, आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे ते मांडायचे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ज्या कर्मचाऱ्यांनी पाड्यापाड्यांवर जाऊन हे काम केले आहे, त्यांना मृत्यूची चौकशी म्हणजे काय हे नव्याने शिकवण्याची गरज नाही. तीच पद्धत विहिरीत पडून गेलेल्या बाईला लागू नसते, कारण तिची फाइल खाकी कव्हरात असते.

आक्षेप घेतला जाईल तो पैशाचा. जेथे शवविच्छेदनगृहात शीतपेटी धड चालत नाही, तेथे नवे कार्यालय कशाला, असे कोणी विचारले तर ते चुकीचे नाही. पण आजची व्यवस्थाही फुकट नाही. एकाच मृत्यूवर पोलीस, महसूल, आरोग्य, प्रयोगशाळा आणि अनेकदा विद्युत निरीक्षक असे पाच विभाग कागद लिहितात आणि ते पाच कागद एका टेबलावर कधी येत नाहीत. विद्युत निरीक्षकाला २००३ च्या वीज कायद्याखाली अपघाताची चौकशी करण्याचा अधिकार आहे, त्याचा निष्कर्ष तांत्रिकदृष्ट्या सर्वांत उपयोगी असतो, आणि विधवेला तो मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. दुसरा आक्षेप असा, की स्वतंत्र अधिकारीही शेवटी दबावाखाली येईल. येईल, कदाचित. म्हणूनच त्याचा निष्कर्ष कारणांसह लेखी असावा, कुटुंबाला त्याची प्रत विनामूल्य मिळावी आणि मृताची ओळख झाकून तो प्रसिद्ध व्हावा, एवढी अट मला अधिकाऱ्याच्या चारित्र्यापेक्षा अधिक भरवशाची वाटते.

आणि यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कलम १९४ नुसार मृत्यूची चौकशी करण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकारी व उपविभागीय दंडाधिकारी यांच्याखेरीज राज्य शासनाने किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी खास अधिकार दिलेल्या कोणत्याही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला असतो. कलम १९६ असे सांगते, की तो पोलीस तपासाऐवजी किंवा त्याबरोबरच स्वतः चौकशी करू शकतो, गरज पडल्यास पुरलेला मृतदेह बाहेर काढून तपासू शकतो, आणि शक्य असेल तेथे त्याने मृताच्या नातेवाइकांना कळवून चौकशीच्या वेळी हजर राहू दिले पाहिजे. कोठडीतील मृत्यूंसाठी न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी वेगळी आहे आणि ती तशीच राहावी. विवाहानंतर सात वर्षांच्या आत गेलेल्या स्त्रीच्या बाबतीत कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदार येतात, पण ते महसुलाच्या कामातून वेळ काढून येतात; त्यांनी पंचनाम्यावर सही केली म्हणजे चौकशी झाली असे होत नाही.

तेव्हा धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत प्रत्येकी एक कार्यकारी दंडाधिकारी दुसरे कोणतेही काम न देता केवळ मृत्यूंच्या चौकशीसाठी नेमावा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आता तिन्ही ठिकाणी आहेत. तेथील न्यायवैद्यकशास्त्र विभागातील एका डॉक्टरला त्याच्याशी जोडावे आणि तालुक्याच्या रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याला शंका आली तर त्याच दिवशी त्या डॉक्टरशी फोनवर बोलता यावे. सर्वच मृत्यूंची सुनावणी घेण्याची आवश्यकता नाही. विषबाधा, वीज, कारखाना, उपचारातील हयगयीचा आरोप, आश्रमशाळेतील मूल आणि नातेवाइकांचा लेखी आक्षेप, एवढ्या प्रकारांत ती घ्यावी. बाकीच्यांत पाच खात्यांचे कागद एकत्र वाचून कारण लिहावे. ऊसतोडीला गुजरातेत गेलेला मजूर तेथे मरण पावला आणि मृतदेह रातोरात गावी आला, तर नोंद कोणत्या ठाण्यात या वादात दिवस न घालवता हाच अधिकारी ती घेईल, असे आदेशातच लिहावे. एकाच कंपनीच्या फवारणीच्या औषधाने किंवा एकाच वाहिनीच्या लोंबत्या तारेने दुसरा माणूस गेला, तर कृषी अधीक्षकांना किंवा वीज कंपनीच्या अधीक्षक अभियंत्याला त्याने पत्र द्यावे आणि उत्तराला साठ दिवसांची मुदत घालावी. यवतमाळात २०१७ मध्ये फवारणीने माणसे ओळीने गेली, तेव्हा विशेष तपास पथक नेमावे लागले; दुसऱ्या मृत्यूनंतर पत्र लिहिणारा कोणी असता, तर निदान सरकारला पथकापर्यंत थांबावे लागले नसते.

सुरुवात नंदुरबारपासून करावी, असे मला वाटते. एका कार्यकारी दंडाधिकाऱ्याला खास अधिकार देण्यासाठी तेथील जिल्हादंडाधिकाऱ्यांचा एका पानाचा आदेश पुरेसा आहे, आणि धडगाव किंवा मोलगीच्या माणसाला आपला आक्षेप नोंदवण्यासाठी घाट उतरून जिल्ह्याला यावे लागू नये, म्हणून त्या अधिकाऱ्याने महिन्यातील ठरावीक दिवशी तेथेच, भिली किंवा पावरी जाणणारा दुभाषी सोबत घेऊन बसावे, हे त्याच आदेशात घालता येईल.